दहा मशिनी आणि दोन मिनिटं

कॅम्प चार या वस्तीतल्या आमच्या जीन्सच्या कारखान्यात आम्ही दहा जणी दिवसभर मशीनवर. मान खाली, तोंड चालू. किस्से साचणारच! पण गेल्या वर्षातले सगळे एकाच गोष्टीवरून घडले : जागेवरून उठणं.

*

माझ्या शेजारी कल्पनाताई. उठावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत! एका दुपारी डबा खायला उठल्या आणि मटकन खाली कोसळल्या. डावी पोटरी टम्म सुजलेली, लाल, गरम. गोळा आला असेल म्हणून मी चोळायला वाकले.

"हात लावू नकोस!" पलीकडून मंदा ओरडली. तिच्या भावाला असंच झालं होतं. "आधी रिक्षा बघ!"

रिक्षात ताईंनी माझा हात असा आवळला की बांगडी फुटली. डॉक्टर म्हणाले, "शिरेत रक्ताची गुठळी आहे. फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. कामावर किती वेळा उठता?"

"एकदा डब्याला," ताई म्हणाल्या, "आणि एकदा घरी जायला!"

*

दुसऱ्या दिवशी मी सेठना म्हटलं, "तासातासाला दोन मिनिटं उठू द्या."

"सुनीता, सब मशीन बंद? माल कौन निकालेगा?" सेठ तडकले. "जिसको उठना है, घर जाके उठो!"

अकरा वाजता मी उठले. एकटीच! आठ मशिनींची घरघर आणि सेठची नजर माझ्यावर. घरात कमावणारी मी एकटी.

मंदाची मशीन थांबली. मग तिसरी. मग सगळ्याच. खोली चिडीचूप.

खालच्या दुकानातून कुणीतरी ओरडलं, "लाइट गयी क्या?"

*

पुढच्या आठवड्यात माल बघायला मोठी पार्टी आली, ती नेमकी अकराला. आम्ही सगळ्या रोजच्यासारख्या उभ्या, टाचा वर-खाली! सेठ पांढरेफटक.

"ये क्या चल रहा है?" पार्टीनं विचारलं.

"आपके स्वागत में खड़ी हैं!" सेठ म्हणाले.

पार्टीनं हात जोडले!

*

दीड महिन्यानं कल्पनाताई परतल्या. स्टुलापाशी उभ्या राहिल्या, पण बसेनात. सेठ खुर्चीतून बघत होते. गेली ताईंची नोकरी, मला वाटलं.

"कल्पना, मशीन रहने दे," सेठ म्हणाले. "टेबलावर माल चेक कर. उभं राहून." मग आमच्याकडे वळून, "उद्या सुनीता, परवा मंदा. रोज एकीची टेबलाशी पाळी."

ताईंनी एक जीन्स उचलली, शिवण उलटून पाहिली.

"आणि सेठ, तुमची पाळी कधी?"

सेठनी हातातला मोबाइल खिशात टाकला आणि खुर्चीतून उठले.