प्लास्टर माझ्या ओळखीचं

दुबईजवळच्या रास अल खैमाच्या सिरॅमिक कारखान्यात मी बावीस वर्षं प्लास्टरचे साचे बनवतोय. बेसिन म्हणा, कमोड म्हणा, सगळं आधी आमच्या साच्यात ओततात. त्यामुळे घोट्याच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी टाके निघाले आणि टेक्निशियनने प्लास्टर घालू की फायबर असं विचारलं, तेव्हा मला हसूच आलं. प्लास्टर इन्शुरन्समध्ये बसत होतं. फायबर हलकं, लगेच वाळणारं, पण साडेतीनशे दिरहम खिशातून. म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर, आणि तेही महिन्याभराने कापून फेकायला.

गावी बायकोला फोन केला. ती म्हणाली, फायबरच घ्या, पैशांचं बघू आपण. मी तिला मध्येच तोडलं. "मला प्लास्टर शिकवू नकोस." आणि प्लास्टरच घालून घेतलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर पाय जमिनीला टेकवायचा नाही. हाडाला बसवलेली धातूची पट्टी नि स्क्रू सरकले तर पुन्हा ऑपरेशन. आमचं काम दिवसभर उभ्याचं. पुन्हा ऑपरेशन झालं तर नोकरी गेलीच, कारण उभं राहता न येणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला कंपनी किती दिवस सांभाळणार? मला रात्रंदिवस तीच भीती होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोलीतले तिघे ड्यूटीवर गेले. कुबड्या कोणीतरी दाराआड सारून ठेवल्या होत्या. पडून पडून जीव विटला होता, त्यात चहाची तल्लफ आली. साच्यावर मारतो तशी मी प्लास्टरवर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. म्हटलं, वाळलं. आमचे साचे गरम खोलीत वाळतात आणि इथे मी रात्रभर एसीत पडलोय, एवढंही डोक्यात आलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. चहापुरती चार पावलं काय होतात, म्हणून उठलो. पाचव्या पावलाला टाचेखालचं प्लास्टर दबलं आणि कर्रकन चीर गेली.

टॅक्सीत देवाकडे काही मागावंसं वाटलं, पण लाज वाटली. एक्स-रेमध्ये स्क्रू जागच्या जागी दिसले. रडू येत होतं, पण रडायचाही कंटाळा आला होता. गुपचूप फायबरचे पैसे भरले.

तोच केरळी टेक्निशियन जुनं प्लास्टर कापायला आला. आतला थर दमट होता, ते मला हात न लावता कळलं. कापता कापता त्याने विचारलं, "आप काम क्या करते हो?"

बावीस वर्षांत या प्रश्नावर मी कधी अडखळलो नव्हतो.

"दुकान में," मी म्हणालो.

"तभी. प्लास्टर ऊपर से सूखता, अंदर दो दिन गीला रहता. आपको कैसे मालूम होगा, भाई."

कामावर आलेल्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. मी निमूट मान हलवली.