थर्मासातला बर्फ

दाजी गेल्याचा फोन कॉलेजात आला, तेव्हा मी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या नीट न धुतल्याबद्दल मुलांवर डाफरत होतो. धुळे डेपोत, ड्युटीवर चढण्याआधी चहा घेता घेता ते कोसळले. ‘दाजींना हार्ट अटॅक?’ जो तो हेच म्हणत होता. मीही म्हणालो... मला तसं म्हणायचा अधिकार नव्हता.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, धुळे-जळगाव गाडीचे कंडक्टर. शिडशिडीत, बिडी-तंबाखू नाही, अंड्यालाही कधी शिवले नाहीत. मी जळगावात जीवरसायनशास्त्र शिकवतो. संशोधनासाठी धुळ्याच्या हृदयरुग्णांचं रक्त लागायचं, ते बर्फातच आणावं लागतं. ऊब लागली की रक्तपेशींतून होमोसिस्टीन, मी मोजत होतो ते द्रव्य, बाहेर येतं आणि आकडा खोटाच फुगतो. तेव्हा दाजीच माझे टपालवाले झाले. हिरवा थर्मास सीटखाली ठेवून ते नळ्या आणायचे. हे होमोसिस्टीन म्हणजे काय, असं त्यांनी एकदा विचारलं. मी सांगितलं, ते वाढलं की रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होते. आणि त्या अस्तराला जपणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, त्यालाही ते दाबून टाकतं. दाजी हसून म्हणाले, “म्हंजे राखणदारलेच बांधी टाकस!” इतकं सोपं मला वर्गात कधी सांगता आलं नाही.

तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्तही हवं होतं. दाजींनी बाही वर केली. बाहेरच्या लॅबमधून रिपोर्ट आला, तर त्यांच्या होमोसिस्टीनचा आकडा भलताच वर. विकर मी स्वतः मोजलं होतं, ते कमी. माझा धडधाकटांचा तक्ता बिघडत होता. मी लाल शाईनं लिहिलं, ‘नमुना खराब’, आणि वर त्यांनाच झापलं, “दाजी, बर्फ वितळू दिलात ना?” ते ओशाळले. “ऱ्हायी गयं व्हई मास्तर, चुकनं मन्हं.” पुन्हा रक्त घेऊ, असं मी म्हणालो नाही. त्याच थर्मासातल्या बाकीच्या नळ्या ठीक होत्या. एकाच नळीपुरता बर्फ कसा वितळेल, एवढंही या विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. खरं तर आलं होतं. मी ते झटकलं.

दहाव्याला वाटेतल्या पारोळा स्टँडवरचा बर्फगोळेवाला आला होता; दाजी त्याच्याकडूनच थर्मासात बर्फ भरून घ्यायचे. डोळे पुसत सांगत होता, “एकदाव तर दोनदा बर्फ भरा त्यासनी. म्हने, आज मन्हं बी रगत शे यामा, नीट भर भो.”

व्हिटॅमिनच्या साध्या गोळ्यांनी होमोसिस्टीन उतरतं. त्यानं माणूस वाचतोच असं अजून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि या वाक्याच्या आड मी पंधरा दिवस लपलो. दाजींना तो आकडा कळायला तरी हवा होता. त्यांचं रक्त होतं ते, माझा तक्ता नव्हता.

निघताना अक्कानं थर्मास हातात दिला. घासूनपुसून, त्यांच्याच पंच्यात गुंडाळून. म्हणाली, “त्यासना रगतमा काय निंघेल व्हतं रे?” मी म्हणालो, काही नाही...

थर्मास आता माझ्या टेबलावर आहे. अक्का वर्तमानपत्राची ही पुरवणी दर रविवारी वाचते, तोंडावर सांगायची हिंमत नाही म्हणून इथे लिहितोय. अक्का, त्या दिवशी बर्फ वितळला नव्हता.