डावा खांदा अर्धा इंच खाली

माझी मोठी मावशी कापड कापते. शिवत नाही, कापते. हा फरक ज्याला कळत नाही त्याच्याशी ती फार वेळ बोलत नाही. शर्टांच्या कारखान्यात एकतीस वर्षं ती कटिंग मास्तर होती. बाई असूनही सगळे तिला मास्तरच म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. माणूस दारातून आत आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जाते, मग चेहऱ्यावर. माझ्या एका मैत्रिणीला पहिल्यांदा पाहून ती म्हणाली होती, "हिचा उजवा हात पाऊण इंच लांब आहे." मैत्रीण पुन्हा त्या घरी आली नाही.

निवृत्त झाल्यावर एका शिवणसंस्थेने तिला लॅपटॉपवरून वर्ग घ्यायला सांगितलं. बत्तीस बायका-मुली आपापल्या घरून तिचे हात पाहायच्या. म्हणजे पाहायचा प्रयत्न करायच्या. कात्री कापडात शिरताना दिसे आणि तिथेच थांबे. नंतर दिसे ते एकदम कापून झालेलं कापड. मधलं, शिकण्यासारखं जे होतं, ते कुणाच्याच पदरात पडत नव्हतं.

"मॅडम, तुम्ही अडकलात," पलीकडून कुणीतरी म्हणे.

"मी कुठे अडकले? मी बाही कापून मोकळी झाले."

शेवटी संस्थेच्या बाईंचा फोन आला. सोमवारचा तास तुटला तर वर्ग दुसऱ्या कुणाला तरी द्यावा लागेल, असं त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. मावशीने शुक्रवारी सकाळी मला बोलावून घेतलं.

"तू शिकलेली आहेस. बघ जरा त्या नेटच्या डब्याचं."

"मावशी, मी साहित्य शिकले."

"मग? वाचता येतं ना?"

तिचं घर पहिल्या मजल्यावर, एकामागे एक अशा दोन खोल्यांचं. पुढची खोली रस्त्याकडे, खाली बसचा थांबा. तिथे कापडाचे तागे रचलेले आणि खिडकी कायम बंद. उन्हाने कापड विटतं, असं ती सांगे. मागच्या खोलीत तिचं आठ फुटी कटिंगचं टेबल. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला लोखंडी कपाट. राउटर पुढच्या खोलीत, त्या बंद खिडकीच्या कट्ट्यावर, कारण तार रस्त्यावरून तिथेच आत आली होती. तो बसवला होता माझ्या मावसभावाने.

त्याच्याबद्दल सांगायला हवं. मावशीला तो एकुलता एक. गणितात एकदा शून्य मिळाल्यापासून घरात त्याला भोपळा म्हणत, आणि मूळचा गोल चेहरा त्या नावाला शोभूनही दिसे. फोनलाही त्याने तेच नाव देऊन ठेवलं होतं. शिक्षण अर्ध्यावर सुटल्यावर मावशीने त्याला कारखान्यात आपल्या हाताखाली घेतलं. तिसऱ्या आठवड्यात त्याने चाळीस थरांचा एक गठ्ठा चुकीच्या रेषेवर कापला. मावशीने तो गठ्ठा सगळ्या कामगारांसमोर उंच धरला आणि म्हणाली, "हे माझ्या मुलाचं काम." त्याने कात्री टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेला. याला पाच वर्षं झाली. वर्षातून एकदा अनोळखी नंबरावरून दोन ओळी येत: बोटीवर आहे, बरा आहे. परत फोन लावला तर तो बंद. वर्तमानपत्रात कुठल्याही समुद्रातल्या वादळाची बातमी आली की मावशी तेवढा तुकडा कापून डब्यात ठेवायची. सरळ, रेषेवर.

मी कामाला लागले. राउटरवर झगझगीत चंदेरी कापडाचं आवरण होतं, चारही कोपरे मापात बसवलेलं.

"हे कुणी घातलं?"

"मी शिवलं, चार वर्षं झाली. धूळ बसते."

"मावशी, या कापडात धातूची तार आहे. लहरी आतच अडकतात. तू याला चिलखत घातलंयस."

"तसं त्याने सांगायला हवं होतं," ती राउटरकडे पाहत म्हणाली.

आवरण काढलं. लॅपटॉप ती पत्र्याच्या पेटीवर, लोखंडी कपाटाला टेकवून ठेवायची. तो तिथून हलवला. लॅपटॉपचा अँटेना पडद्याच्या कडेला असतो, त्याच्यामागे लोखंड नको, एवढं मी आदल्या दिवशी वाचून आले होते. सिग्नलच्या एका रेषेच्या दोन रेषा झाल्या. मग माझा लॅपटॉप घेऊन मी ताग्यांवर बसले आणि कोण कोण जोडलं गेलंय ते दाखवणारं राउटरचं पान उघडलं. शेजारचं कुणी फुकट वापरत असेल तर कळावं म्हणून. माझा लॅपटॉप, मावशीचा लॅपटॉप, तिचा फोन. तीन ओळी.

अकरा वाजून वीस मिनिटांनी चौथी ओळ आली. भोपळा.

मी पाहतच राहिले. मिनिटभराने ती ओळ गेली.

जुनी काहीतरी नोंद असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण पान स्पष्ट सांगत होतं, ही आत्ता जोडलेल्यांची यादी. मावशीला सांगायचं धाडस झालं नाही. मी तिथेच बसून राहिले. एकला दहा मिनिटं असताना ओळ पुन्हा आली, आणि त्या वेळी मावशी पाण्याचा पेला घेऊन माझ्या मागे उभी होती.

"हे काय लिहिलंय?"

"जोडलेल्या फोनांची नावं."

"कधीची?"

"आत्ताची."

"आत्ताची म्हणजे?"

"आत्ता, मावशी. या क्षणी. फोन इथून तीसेक पावलांच्या आत आहे. एकदा जोडलेला फोन पुन्हा टप्प्यात आला की आपोआप जोडला जातो."

पेला तिने ताग्यांवर ठेवला. कापडावर तिने पाणी कधीच ठेवलं नव्हतं. ती खिडकीपाशी गेली. कडी गंजली होती. कात्रीच्या मुठीने दोन ठोके घालून तिने ती सरकवली.

खाली थांब्यावर बस उभी होती, तोंड आमच्याकडे करून. समोरच्या मोठ्या काचेवर उन्हाचा पडदा अर्ध्यापर्यंत ओढलेला. त्याखाली चालकाचे खांदे, करड्या शर्टाची छाती, चाकावरचे हात. शेवटची प्रवासी चढली, बस हलली आणि खिडकीखालून निघून गेली.

"तोच," मावशी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, मापं सांगताना असतो तसा.

"चेहरा दिसला तुला?"

"चेहरा कशाला लागतो? डावा खांदा अर्धा इंच उतरता आहे. त्याचे सगळे शर्ट मी तेवढे उतरवून कापलेत." जरा थांबून ती म्हणाली, "तो शर्ट त्याच्या मापाचा नाही. मानेखाली ओढतोय."

मग ती ताग्यांवर बसली. पेला कलंडला आणि पाणी निळ्या पॉपलिनमध्ये जिरत गेलं. आम्ही दोघीही हललो नाही. तिने ते चंदेरी आवरण हातात घेतलं, आतबाहेर उलटून पाहिलं.

"हे होतं म्हणून इतकी वर्षं दिसला नाही?"

"हो. बाहेर काही पोचतच नसणार."

"आणि खिडकी बंद."

मी आवरण तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवलं.

"मग बोट?" तिने विचारलं, जणू मला ठाऊक असावं.

दुपारी मी राउटर मधल्या दारावर टांगून पाहिलं, कारण सोमवार काही थांबणार नव्हता. टेबलापाशी सगळ्या रेषा भरल्या. चित्र असं स्वच्छ आलं की कापडाची वीण दिसावी. पण दोन वाजून वीस मिनिटांनी बस आली, थांबली, गेली, आणि यादीत तीनच ओळी राहिल्या.

"परत ठेव," मावशी म्हणाली.

"आणि तुझा तास?"

"परत ठेव म्हणते ना."

"लांब वायर टाकून आत दुसरा डबा बसवू. हा इथेच राहील, त्याचा फोनही लागेल."

"आतून मला काय दिसणार आहे?"

टेबल पुढच्या खोलीत आणायचं, तर ते दारातून निघत नव्हतं. शनिवारी सुतार आला. त्याने दार मापलं, टेबल मापलं, पुन्हा दार मापलं.

"ताई, हे आत गेलं कसं?"

"तुझ्या वडिलांनी आत बसून केलं."

"अच्छा, बाबांनी. मग बाहेर काढायचं काम माझ्यावर ठेवून गेले."

"बाहेर नाही. अर्धं काप."

तो टेबलाकडे पाहत राहिला. सागाचं होतं, वर्षानुवर्षांच्या खडूने पांढरटलेलं. मावशीने फूटपट्टी लावून मधोमध खडूची रेष मारली आणि म्हणाली, "रेषेवरून जा. बाहेर गेलास तर चालेल, आत नको."

करवत चालू असताना ती दुसरीकडे बघत होती. त्या दोन दिवसांत ती खाली थांब्यावर मात्र गेली नाही. एकदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली. "काय म्हणू?" एवढंच तिने मला विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

सोमवारी अकराला तास सुरू झाला. तागे भिंतीकडे सरकवलेले, खिडकी सताड उघडी, नवे दोन पाय ठोकलेलं चार फुटी टेबल कट्ट्याला भिडवलेलं, लॅपटॉप राउटरपासून हातभर अंतरावर. पडद्यावर बत्तीस चौकोन. मावशीने करडं कापड अंथरलं.

"आज शर्टाची पाठ. दोन्ही खांदे सारखे असतात असं पुस्तकात लिहितात. माणसात तसं नसतं. हे जे माप आहे, त्याचा डावा खांदा अर्धा इंच खाली घ्यायचा."

"कुणाचं माप आहे, मॅडम?" एका मुलीने विचारलं.

"आहे एकाचं. तुम्ही रेष बघा."

तिने खडूने उतार काढला. कात्री कापडात शिरली. चित्र कुठेही तुटत नव्हतं. अकरा वाजून वीस मिनिटांनी खाली ब्रेकचा सुस्कारा ऐकू आला आणि मावशीने मान वर केली.

कायम बंद असलेली खिडकी त्यालाही उघडी दिसली असणार. काचेवरचा उन्हाचा पडदा हळूहळू वर गेला. गोल चेहरा, आता दाढीने भरलेला. प्रवासी चढून झाले, दार मिटलं, बस हलली नाही. मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग आणखी एकदा.

मावशीचा हात अर्ध्या कापलेल्या खांद्यावर थांबला होता. कात्रीची पाती उघडी. पापणीही लवत नव्हती.

"मॅडम?" लॅपटॉपमधून आवाज आला. "मॅडम, चित्र थांबलंय."

"माझ्याकडेही थांबलंय," दुसरी म्हणाली. "अडकल्या पुन्हा."

मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. सगळ्या रेषा भरलेल्या होत्या.

"नेट चालू आहे," मी पुढे वाकून हळूच म्हणाले. "जरा थांबा."