पोश्याबाबाच्या रावणाची पावलं

देवानंद मास्तरने नाटक कधी वहीत लिहिलंच नाही. हा गडी मूळचा दाभोशाचा. जव्हारच्या शाळेत शिकवतो आणि सुट्टी मिळाली की गावात येऊन दहा-बारा जणांना जमवून चक्क खेळ खेळतो. खेळता खेळता कोणी काही बोलून जातं, कोणी रुसतं, कोणी नक्कल करतं, आणि त्यातूनच नाटक उभं राहतं. मास्तरला दुसरा उद्योग नाही, असं लोक म्हणत. तोही हसून म्हणे, खरंच नाही!

या खेपेला मात्र त्याचं हसू पार पळालं होतं. शनिवारी मोखाड्यात प्रयोग, आणि संबळ वाजवणारा म्हातारा पोश्याबाबा तालमीतून उठून गेलेला.

झालं असं, की मास्तरने टाळी वाजवली की प्रत्येकाने कोणाची तरी चाल उचलायची, असा खेळ चालला होता. नाटकात वीटभट्टीवरचा मुकादम हवा होता. गावातली सुकी सहा महिने भट्टीवर राबून आलेली. तिने छाती पुढे काढली, गुडघे वाकवले आणि थेट पोश्याबाबाच्या रावणाची पावलं टाकली. आता बोहाड्यातलं, म्हणजे मुखवटे चढवून नाचायच्या गावच्या उत्सवातलं, रावणाचं सोंग पोश्याच्या घरचं. ती पावलं दुसऱ्या कोणी टाकायची नसतात. मुखवट्याची पूजा झाल्याशिवाय खुद्द पोश्याही टाकत नाही. म्हाताऱ्याने गळ्यातला संबळ उतरवून खाली ठेवला आणि घराची वाट धरली.

आणि मास्तर काय करत होता? "वा सुके, वा!" म्हणत होता! अहो, याच मातीतला माणूस, जन्मभर बोहाडा बघितलेला. इतकं साधं कळू नये? दोन दिवस त्याला घास गिळवेना. म्हातारा परतला नाही तर बाकीचेही येणार नाहीत, आणि अख्खा पाडा सुकीलाच बोल लावील, हे त्याला दिसत होतं.

गुरुवारी सकाळीच तो म्हाताऱ्याच्या अंगणात जाऊन बसला.

"बाबा, चूक माझी. सुकीला काही बोलू नको."

"तिलाच विचारायचं हाय," एवढंच म्हणून म्हातारा आत गेला.

संध्याकाळी तो तालमीला आला खरा, पण संबळाला हात लावला नाही. सरळ सुकीसमोर उभा राहिला.

"माझं सोंग कशाला घेतलंस?"

सुकी म्हणाली, "मुकादमाचं भ्या दाखवायचं होतं, बाबा. तेवढं भ्या मी पोरपणी तुझ्या रावणालाच भ्यायले. दुसरं काय आठवलं नाय."

म्हातारा दोन पावलं मागे सरला. मग म्हणाला, "तू माझं घेतलंस, आता मी तुझं घेतो. वाजव टाळी, मास्तर."

मास्तरने कशीबशी टाळी वाजवली. पोश्याबाबाने दोन्ही हात डोक्याकडे नेले, मान ताठ केली आणि विटांचं ओझं घेतल्यागत एकेक पाऊल जपून टाकू लागला. चार पावलांवर तो थांबला.

"माझी बायको गौरा भट्टीवर अशीच चालायची," तो म्हणाला. "ती गेली त्या दिवशीपण. मी पुढं होतो. मागं वळून बघितलं नाय."

हात तसेच डोक्यावर. मास्तरला खेळ थांबवायची दुसरी टाळी वाजवता येईना.

सुकी पुढे झाली. "थांब, बाबा. एकट्याला उतरवता यायचं नाय," म्हणाली आणि त्याच्या डोक्यावरच्या नसलेल्या विटा दोन-दोन करून खाली ठेवू लागली.