बाकावर उभ्या राहिलेल्या पुरावाबाई

पुरावाबाई हे नाव मुलींनी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगारपत्रकावरचं खरं नाव वाचून शिपाईकाका एकदा म्हणाले होते, "ह्या कोण बाई? ह्या आपल्याकडे नाहीत." बाई एकतीस वर्षं नववीच्या मुलींना भाषा शिकवत होत्या, आणि एकतीस वर्षं कादंबरीही तीच एक.

कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची. तीत एक कारकून नदीच्या धक्क्यावर माल तोलतो, आईविना लेकीला वाढवतो, आणि शेवटच्या पानावर ती लेक बोटीत बसून दूरगावी शिकायला जाते. संपलं. मारामारी नाही, खून नाही, साधी चोरीसुद्धा नाही. पहिल्या आठवड्यातच मुली कंटाळून अर्धमेल्या व्हायच्या. मग बाई फळ्यावर तीन गोष्टी लिहायच्या: विधान, पुरावा, म्हणून काय.

"कारकून कंजूष आहे," असं एखादी म्हणाली की बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा. "पुरावा?" पान चाळीस, तो दोरीचे तुकडे गाठी मारून साठवून ठेवतो. "बरं. म्हणून काय?" इथे भल्याभल्या हुशार मुलींची बोबडी वळायची. कंजूष नाही बाई, त्याला तुटलेलं काही बघवत नाही, असं कुणाला सुचलं तर बाई खुशीत खडू उंच उडवायच्या आणि झेलायच्या. निम्म्या वेळा झेलायच्या, असं म्हणू.

आणि भिंतीवर बाईंच्याच टपोऱ्या अक्षरात नियम लावलेला होता: बिनपुराव्याचं विधान करणाऱ्याने बाकावर उभं राहावं. मग कुणीही असो.

घरी तरी वेगळं काय होतं? नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगणारा हा माणूस घरी स्वतःचं तोंड उघडायला धजत नसे. "तू नेहमी उशीर करतेस," असं एकदा बिचारा बोलून गेला, आणि 'नेहमी'चे पुरावे देता देता त्याचं ताट गार झालं. सासूबाई मात्र वस्ताद. ऐंशीव्या वर्षी त्यांनी ही विद्या शिकून घेतली आणि थेट सुनेवर चालवली. "विधान," एका सकाळी त्या कप पुढे करून म्हणाल्या, "सून चहात साखर कमी घालते. पुरावा, मुंगी कपापर्यंत आली, काठावरून वाकून बघितलं आणि परत गेली. म्हणून काय, आण दोन चमचे." बाईंनी निमूटपणे साखर घातली. पुराव्यापुढे त्यांचं काही चालत नसे.

पण एका मुलीपुढे तर त्यांचं एकतीस वर्षांचं शहाणपण हात टेकून बसलं होतं. तिला सगळे जांभई म्हणत. बाई वर्गात शिरल्या की हिचा जबडा जो उघडायचा तो पार पडजीभ दिसेपर्यंत. वहीत रोज तारीख, सुरेख आखलेला समास, आणि समासाच्या उजवीकडे वाळवंट. वर्षअखेर प्रत्येकीने कादंबरीवर स्वतःच्या मनाचा एक परिच्छेद लिहून द्यायचा, नाहीतर भाषेत नापास. मुदत शुक्रवारपर्यंत, आणि तोच शुक्रवार बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. एकतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलीला नापास केलं नव्हतं. आता जाता जाता ते करावं लागणार होतं.

"अगं, का लिहीत नाहीस?" गुरुवारी त्यांनी अगदी काकुळतीला येऊन विचारलं.

"सगळं तुम्हीच आधी सांगून टाकता, बाई," जांभई म्हणाली. "मग मी काय लिहू?" आणि तिने जांभई दिली.

शुक्रवारी शेवटचा तास, शेवटचं पान. बाईंचा सूर छान लागला होता. "बोट दिसेनाशी झाली," हात पसरून त्या म्हणाल्या, "आणि कारकुनाच्या डोळ्यांतून अश्रूंचा पूर लोटला!" हे वाक्य त्या दरवर्षी असंच म्हणायच्या, आणि दरवर्षी मुली ते परीक्षेत जसंच्या तसं लिहायच्या.

जांभईचं तोंड उघडलं. सगळ्यांना वाटलं, नेहमीचंच. पण या खेपेस आतून शब्द बाहेर पडला.

"पुरावा?"

बाई हसल्या. एवढं कौतुक वाटलं त्यांना! वर्षात पहिल्यांदाच पोरगी बोलली होती. आपली जुनी, खाकी कव्हर घातलेली प्रत उघडून त्यांनी मोठ्याने वाचलं, "पान दोनशे बारा. बोट दिसेनाशी झाली. कारकुनाने तराजूची पारडी पुसली. वजनं ओळीने लावली. कुलूप घातलं आणि तो घरी गेला." बाई थांबल्या. पान उलटलं. मागे छापखान्याचा पत्ता. पुन्हा उलटलं. मागचं पान, त्याच्या मागचं पान. अश्रू नव्हते. तीस मुली आपापल्या प्रती चाळत होत्या. पूर सोडा, कुणालाही एक थेंब सापडेना.

"मग कुणीही असो," मागून कुणीतरी भिंतीवरचं हळूच वाचलं.

बाईंनी पदर खोचला आणि त्या बाकावर चढल्या. चढल्या खऱ्या, पण वर गेल्यावर गुडघ्यांनी साफ सांगितलं की आता उतरणं जमायचं नाही. एक मुलगी शिपाईकाकांकडे स्टूल आणायला धावली. बाकीच्या तोंडात रुमाल कोंबून बसल्या. बाईंना लाज वाटली, नाही असं नाही, पण लाजेपेक्षा कोडं मोठं होतं. एकतीस वर्षं आपण हा पूर आणला कुठून?

जांभई उठून टेबलापाशी गेली. बाईंची प्रत खिडकीकडे धरून तिने पानावरून बोट फिरवलं. "बाई, हे डाग कसले?"

"पाणी सांडलं असेल."

"पुरावा? फक्त याच पानावर आहेत. तीन. गोल."

बाई वरून बघत राहिल्या आणि एकदम त्यांना सगळं आठवलं. सतरावं वर्ष. वसतिगृहातली लोखंडी खाट, मांडीवर हीच प्रत, हेच पान. आदल्या दिवशी बाबांनी ट्रंक खाली ठेवली होती, तिची तुटकी कडी सुतळीने बांधून दिली होती आणि मागे वळून न बघता ते निघून गेले होते. बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. तोंडांतले रुमाल बाहेर आले.

जांभई जागेवर गेली आणि लिहू लागली. एकदाही जबडा न उघडता लिहीत राहिली. मग कागद फाडून तिने वर दिला.

"विधान: कारकून रडत नाही. बाई रडल्या. पुरावा: पान दोनशे बारावर रडण्याचा एक शब्द नाही. बाईंच्या प्रतीत त्याच पानावर तीन डाग आहेत, बाकी पुस्तक कोरडं. म्हणून काय: कारकून रडला असता तर आपण नुसतं बघत बसलो असतो. तो पारडी पुसून घरी जातो, म्हणून रडायचं काम आपल्यावर येतं. बाईंनी ते एकटीने केलं आणि एकतीस वर्षं नाव मात्र कारकुनाचं सांगितलं."

बाईंनी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात शिपाईकाका स्टूल घेऊन आत आले आणि दारातच थबकले.

"अहो बाई, रडताय काय! उतरायला घाबरलात?"

"मी? रडतेय?" बाई वरून कडाडल्या. "पुरावा?"

जांभईने कागदाकडे बोट दाखवलं. 'म्हणून काय'मधल्या 'काय'वर शाई नुकतीच पसरली होती.

बाईंनी कागद तळहातावर धरून त्या डागाशेजारीच 'पास' लिहिलं, आणि मगच स्टुलावर पाय ठेवला.