खेमराजच्या बोरचं पाणी

पाणी तपासायला न्यायचं म्हणून खेमराजने बाटली तीनदा धुतली आणि बोरचं पाणी दुहेरी कापडातून गाळून भरलं. पाहुणे यायच्या आधी मुलीला नटवावं तसं त्याने त्या पाण्याला नटवलं. क्षारांचा आकडा कमी यावा, एवढंच त्याला हवं होतं. कमी आला असता तर शोभाताई पाण्याने गेली नाही, असं स्वतःला सांगता आलं असतं.

शोभाताई, त्याची बायको, माघात किडनीच्या आजाराने गेली. डॉक्टरांनी कारण ठामपणे सांगितलं नाही. साखर असेल, पाणीही असेल, म्हणाले. खेमराज रडला नाही, दहाव्यालाही नाही. उन्हाळी धानाला पाणी दिलं, बैल सोडले, बांधले, वेळेवर जेवला. आत काही हलतच नव्हतं, आणि त्याची त्याला थोडी लाज वाटायची.

शोभाताई दोन वर्षं पाण्याच्या फिल्टरसाठी मागे लागली होती. तिचं मागणं काही मोठं नव्हतं. "रुचिकाच्या घरी नागपूरले तीन शिट्ट्यांत डाळ शिजते जी. आपल्या इथं सोडा टाकल्याबिगर शिजत नाही." रुचिका त्यांची एकुलती मुलगी. खेमराज हसायचा, सारा गाव हेच पितो, तुलाच बरे नखरे सुचतात म्हणायचा. नखरे म्हणे! खताच्या पोत्यावरचं बारीक अक्षर वाचणारा हा माणूस, पण बायकोचं बोलणं दोन वर्षं याच्या कानात शिरलं नाही.

आता रुचिकाने फोनवर हट्टच धरला, तेव्हा तो लाखनीला भुपेंद्रच्या फिल्टरच्या दुकानात गेला. भुपेंद्रने दोन फिल्टर दाखवले. एक कँडलचा, स्वस्त, गाळ अडवणारा. दुसरा विजेवरचा आरओ, क्षार काढणारा. मग पेनाएवढं मीटर त्याने बाटलीत बुडवलं. क्षार अकराशे चाळीस; प्यायच्या पाण्यात पाचशेच्या आत हवेत. कापडाने क्षार गाळले जात नाहीत, आरओच लागेल, असं तो म्हणाला.

खेमराजने विचारलं, "दोन वर्साआंधीबी येवढंच असन का?"

"बोर जुनीच ना काका? मंग पाणीबी जुनंच."

खेमराजने आरओ घेतला.

महिनाभराने अक्षय तृतीया, म्हणजे इकडची अक्ती आली. अक्तीला पितरांसाठी नवी घागर भरतात. वर्षभरात गेलेलं माणूस त्या दिवशी पितरांत मिळतं. शोभाताईची घागर खेमराजने आरओच्या पाण्याने काठोकाठ भरली. नागपूरहून आलेल्या रुचिकाने त्याच पाण्यात डाळ लावली. तीन शिट्ट्या झाल्या. डाळ मऊ शिजली होती. पहिलं पान आईचं वाढलं.

खेमराज उठला, तांब्या घेऊन अंगणातल्या बोरवर गेला आणि भरून आणला.

"बाबा, घरात फिल्टर आहे ना? मग हे काहून पिता?" रुचिकाने विचारलं.

त्याने तांब्या तोंडाला लावून पुरा संपवला.

"तिले हेच पाजलं ना मी," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.