सासूबाईंनी सांभाळलेलं लायगेज

तीन महिने कॉलेजच्या लॅबमधल्या माझ्या ताटल्या कोऱ्याच निघत होत्या, हव्या त्या बॅक्टेरियाचा एक ठिपकाही उगवत नव्हता. जुनं लायगेज, म्हणजे डीएनए जोडायचं प्रथिन, मेलेलं होतं. म्हणून माझ्या गाईड मॅडमनी नवं मागवलं, आणि मे महिन्यात कॉलेजचं ऑफिस बंद म्हणून पार्सलला जुळे सोलापुरातल्या माझ्या घरचा पत्ता दिला. ते सोमवारी यायचं होतं. आलं शनिवारीच, आणि मी नेमकी वैरागला, मावसबहिणीच्या लग्नात.

सासूबाईंचा फोन आला. "अगं, तुझा खोका आलाय. आतला बर्फ वितळाया लागलाय की. काय हाय ह्यात?"

"आई, बॅक्टेरियातलं प्रथिन आहे. डीएनएचे तुकडे जोडतं."

"जंतू हायत?"

"जंतू नाहीत, त्यांच्यातून काढलेलं. उणे वीस अंशात ठेवावं लागतं. आपल्या फ्रिजचं काम नाही ते."

त्यांनी फोन ठेवला. नंतर मी लावत राहिले, तर उचलेनात. अर्ध्या तासाने त्यांचाच आला. रिक्षा करून त्या चौकातल्या आइस्क्रीमवाल्याकडे गेल्या होत्या. खोका त्याच्या डीप फ्रीजरमध्ये, आणि या शेजारी स्टूल टाकून. सारखं झाकण उघडणाऱ्या गिऱ्हाइकांना दटावत होत्या म्हणे.

अक्षता पडल्या तशी मी न जेवता एसटी धरली. वाटेत पुन्हा फोन, आवाज रडवेला.

"अगं, कुल्फ्या दगड झाल्या, पण तुझ्या खोक्यातल्या बाटलीतलं पाणी काय गोठंना. बिघडलं वाटतं."

मी भर एसटीत मोठ्याने हसले. "आई, त्यात ग्लिसरीन असतं, म्हणून ते गोठतच नाही. एकदम ठणठणीत आहे!"

"व्हय? मग मी आता एक कुल्फी खाते."

मी पोचले तेव्हा त्यांची दुसरी चालली होती. बर्फाच्या डब्यातून बाटली लॅबमध्ये नेली, सोमवारी जोडणी लावली, मंगळवारी तो जोडलेला डीएनए बॅक्टेरियात घालून ते ताटलीवर पसरले. बुधवारी सकाळी ताटली उघडली तर ठिपकेच ठिपके! काही निळे, म्हणजे वाया गेलेले. पण पांढरे भरपूर, आणि पांढरा म्हणजे आमचा तुकडा जोडला गेला.

सासूबाईंना बघायचंच होतं. दुपारी त्यांना लॅबमध्ये आणलं. ताटली उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ पाहिली.

"एवढंसंच व्हय?" मग हळूच म्हणाल्या, "पण लई गोड दिसतंय गं."

मॅडमनी सगळ्यांना खोका कुणी वाचवला ते सांगितलं, आणि सगळ्या लॅबने टाळ्या वाजवल्या. सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत राहिल्या. "बास की आता," त्या म्हणाल्या, पण हसू काही आवरत नव्हतं.